रान सरकारचे, कोंबडा कुणाचा?

माघ लागला की जोयडा तालुक्याच्या रानांत रानकोंबडे आरवू लागतात. घरचा कोंबडा बांग देण्यापूर्वी पंख फडफडवून साऱ्या आळीला जागे करतो. रानकोंबड्याची ती रीत नाही. बांबूच्या बेटाआड, पंख अंगाशी मिटून, तो एक तुटक आणि काहीशी खरखरीत ललकारी देतो, तिच्या शेवटाला खालच्या पट्टीतले दोन-तीन हुंकार जोडतो आणि उत्तराची वाट पाहत गप्प राहतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला हे सवाल-जवाब डोंगराच्या एका कुशीतून दुसऱ्या कुशीत चालू असतात. आपल्या समाजातील ज्या घराण्यांचे मूळ हल्याळ, सूपा, खानापूर या पट्ट्यात आहे, त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींत ही बांग हटकून येते, आणि तिच्या पाठोपाठ बंदुकीचा बारही येतो.

हा विषय या महिन्यात घेण्यास एक पत्र निमित्त झाले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका वाचकांनी तेथील रानटी टर्कीच्या शिकारीची हकीकत कळविली आहे. वसंत ऋतूत, सरकारी रानात, रीतसर परवाना काढून माणसे पहाटे झाडाच्या बुंध्याशी बसतात, मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतात, आणि ठरलेल्या संख्येच्या वर एकही पक्षी मारीत नाहीत. आपल्या सह्याद्रीत रानही सरकारी आणि कोंबडाही मुबलक. मग तिथे अशी सोय का असू नये, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र सूपा पेट्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातून काढावे लागते.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. आपल्याकडचा तो राखी रानकोंबडा. उत्तर हिंदुस्थानात तांबडा, तर दक्षिणेच्या पठारावर आणि सह्याद्रीत हा राखी, अशी निसर्गाने ढोबळ वाटणी केली आहे. सोनेरा नावाच्या फ्रेंच प्रवासी शास्त्रज्ञाच्या नावावरून १८१३ साली त्याचे शास्त्रीय बारसे झाले. नराच्या मानेवरील पिसांच्या टोकांशी पिवळट-पांढरे चकचकीत ठिपके असतात. मेणाचे थेंब पडून थिजावेत तसे ते दिसतात. या ठिपक्यांनीच त्याचा घात केला. विलायतेतील गळ टाकणारे शौकीन मासे भुलविण्यासाठी पिसांच्या कृत्रिम माश्या बांधतात, आणि त्या माश्यांसाठी ही पिसे त्यांना फार प्रिय. सह्याद्रीतल्या कोंबड्याची मान अशी साता समुद्रांपलीकडे जात असे. पुढे भारत सरकारने ही निर्यात बंद केली, तेव्हा त्या मंडळींनी हाच पक्षी आपल्याकडे पाळून पिसांची सोय करून घेतली.

आणखी एक गंमत आमच्या वाचकभगिनींसाठी. पाळीव कोंबडीचे मूळ तांबड्या रानकोंबड्यात आहे, असे आपण शाळेत शिकलो. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग हा तांबड्याचा नसून या राखी रानकोंबड्याकडून आलेला वारसा आहे. बाजारातून पिवळ्या पायांची कोंबडी घरी येते, तेव्हा सह्याद्रीचा एक अंश स्वयंपाकघरात येतो म्हणावयास हरकत नाही.

मादी मात्र साधी, तपकिरी, पाचोळ्यात मिसळून जाणारी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत ती जमिनीवरच एखाद्या झुडपाच्या बुडाशी चार ते सात अंडी घालते आणि एकवीस दिवस उबवते. म्हणजे नराची बांग जेव्हा सर्वांत जोरात असते, त्याच दिवसांत मादी घरट्यावर असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता शिकारीकडे वळू. रानकोंबड्याला धरण्याची जुनी युक्ती टर्कीच्या युक्तीच्या नेमकी उलट आहे. तिकडे मादीच्या आवाजाने नराला भुलवितात; इकडे नराच्या आवाजाने नराला डिवचतात. पाळलेला एक कोंबडा रानातल्या मोकळ्या जागी दोरीने बांधावयाचा आणि त्याच्या भोवती घोड्याच्या केसांचे वा वाखाचे बारीक फास मांडावयाचे. त्याने बांग दिली की त्या टापूचा मालक असलेला रानकोंबडा चवताळून येतो, आणि दुसऱ्याला हुसकविण्याच्या भरात स्वतः फासात पाय घालतो. प्रेमापेक्षा हद्दीचा अभिमान अधिक प्राणघातक ठरतो, हे माणसांनाही ठाऊक असलेले सत्य कोंबड्याला फार महागात पडते. सह्याद्रीतील पारध्यांना आणि रानवस्तीच्या लोकांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती.

दुसरी रीत पारधीची. शिमग्याच्या सुमारास शेतीची कामे आटोपलेली, रानातला पाला झडून गेलेला, अशा वेळी गावच्या गाव रानात उतरे. एका अंगाला वाघुरी लावावयाच्या अथवा ठासणीची बंदूक घेऊन दोघे-तिघे बसावयाचे, आणि दुसऱ्या अंगाने हाकारा करीत जनावर पुढे काढावयाचे. रानडुक्कर, ससा, भेकर हे मुख्य. कोंबडा मिळाला तर मिळाला. पुढे वाट्यांचा प्रसंग येई. बार टाकणाऱ्याचा वाटा निराळा, ग्रामदेवतेचा मान निराळा, हाकाऱ्याला गेलेल्या प्रत्येकाला सारखे. कित्येक गावांत तर कुत्र्याचाही वाटा काढीत. पोर हाकाऱ्याला गेले की त्याच्या घरी सागोती शिजणार, एवढे निश्चित. डोंगरी गावातल्या गरिबाच्या ताटात वर्षातून काही वेळा मांस येई ते याच मार्गाने.

या चालरीतींना आम्ही सोवळे नेसवू इच्छित नाही. भुकेल्या माणसाने घरट्यावरची मादीही धरली असेल आणि अंडीही उचलली असतील. तरीही या शिकारीत काहीच मर्यादा नव्हती, असे म्हणणेही खोटे ठरेल. कैलास मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने साळिंदर-घोरपडीच्या मागे, वैदू मुंगसासारख्या लहान शिकारी जनावरांच्या मागे, तर फासेपारधी हरणे आणि पक्षी यांच्या मागे, अशी शिकारीची वाटणी त्यांना आढळली. फासात सापडलेली गाभण हरणी आणि पाडस सोडून देण्याची चाल फासेपारध्यांत होती, हेही गाडगीळांनी नोंदविले आहे. ज्याला उद्याही त्याच रानात पोट भरावयाचे आहे, त्याचा हा हिशेब होता.

हे रान सरकारचे कधी झाले, हा पुढचा प्रश्न. आजचा उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच राहिला. मराठी कागदपत्रे आणि मराठी शाळा यांचा या भागातील वावर त्या काळचा आहे. सूपा पेट्यातील कुणबी डोंगरउतारावर झुडूप तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरीत आणि दोन-तीन वर्षांनी तुकडा बदलीत. या शेतीला कुमरी म्हणतात. साग आणि इतर इमारती लाकूड वाचविण्यासाठी इंग्रज सरकारने कुमरी आवळत नेली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगल ही वस्तू अस्तित्वात आणली, आणि त्याच कायद्यात, नियमांच्या विरुद्ध राखीव जंगलात शिकार करणे, पाण्यात विष कालविणे, सापळे वा फास लावणे हा गुन्हा ठरला. १९२७ च्या कायद्यानेही हे कलम तसेच चालू ठेवले. १९१२ च्या पशुपक्षी संरक्षण कायद्याच्या यादीत तर रानकोंबड्याचे नाव स्पष्ट आहे. त्यासाठी बंदीचा हंगाम जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला.

कायदे वाचताना कोणालाही वाटावे की पक्षी वाचला. परंतु 'नियमांच्या विरुद्ध' या दोन शब्दांत सारी मेख होती. नियमांप्रमाणे परवाना काढता येत असे, आणि परवाना साहेबाला मिळे, वकिलाला मिळे, जमीनदाराला मिळे. आपल्या समाजातील काही प्रतिष्ठितांनाही तो मिळाला, हे सांगताना आम्ही संकोच करणार नाही. पितळी टोपणाच्या काडतुसांनी, हंगाम पाळून, तंबू ठोकून केलेली ती शिकार म्हणजे खेळ. आणि घोड्याच्या केसाच्या फासाने संध्याकाळच्या कालवणासाठी धरलेला कोंबडा म्हणजे चोरी. मौज अशी की, साहेबाच्या खेळात रान हाकावयास, ओढ्याची वाट दाखवावयास आणि पडलेला पक्षी काट्यातून शोधून आणावयास तोच कुणबी असे, ज्याला त्या रानात स्वतःसाठी फास लावण्याची मनाई होती. जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत शिकारीची जी छायाचित्रे टांगलेली दिसतात, त्यांत मध्यभागी खुर्चीवर बंदूकवाले बसलेले असतात आणि कडेला लंगोट्या लावलेली चार-सहा माणसे उभी असतात. खुर्चीवरच्यांची नावे खाली लिहिलेली असतात. कडेच्या माणसांची बहुधा नसतात.

स्वातंत्र्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९५६ साली दांडेली अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने घातली, तरी लहान-मोठ्या शिकारीचे परवाने देण्याची तरतूद त्यात शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि शौकाची शिकार कायद्याने संपली. १९८७ साली अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. मधल्या काळात त्याच नदीवरील धरणाने जुने सूपे गाव पाण्याखाली घेतले आणि तेथील पुष्कळ माणसे रामनगरला येऊन वसली. आज कायद्याच्या दृष्टीने पक्ष्याला पकडणे, फास लावणे, हाकारा करणे, नुसता तसा प्रयत्न करणे, एवढेच काय अंड्यांना धक्का लावणे, ही सर्व शिकारच होय. आणि ती अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात केली तर किमान तीन वर्षांची कैद आहे.

अमेरिकेतील आमच्या वाचकांच्या प्रश्नाकडे आता येतो. तिकडची टर्की एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार हत्येमुळे आणि जंगलतोडीमुळे कित्येक राज्यांतून नाहीशी झाली होती. १९३७ साली तेथे बंदुका आणि काडतुसे यांवरील कर वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. त्या पैशातून रानातल्या टर्की जाळ्यांनी पकडून रिकाम्या प्रदेशांत सोडण्यात आल्या, आणि आज त्या लाखोंनी आहेत. शिकाऱ्याच्याच पैशाने पक्षी परत आणण्याची ही गोष्ट खरोखर प्रशंसनीय आहे. परंतु तेथे शिकारी हा बहुतेक सुटीच्या दिवशी गाडी काढून रानात येणारा नागरिक असतो. जोयड्यात रान हेच माणसाचे परसदार आहे. येथे उद्या परवाने निघाले तर ते कोणाच्या खिशात जातील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पणजोबांच्या काळातले तेच छायाचित्र पुन्हा निघेल. खुर्ची तेवढी प्लास्टिकची असेल. म्हणून शिकारबंदी उठू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. राखी रानकोंबडा आज संकटग्रस्त गणला जात नाही. बंदीने त्याचे भले केले असे आम्ही मानतो, आणि नर आरवतो त्याच दिवसांत मादी अंड्यांवर असते, हे पाहता वसंतातली शिकार आपल्याकडे तर मुळीच नको.

परंतु बंदी आली म्हणून फास गेले, असे झालेले नाही. घोड्याच्या केसाच्या जागी आता मोटारसायकलच्या क्लचची तार आली आहे. केसाच्या फासात कोंबडाच सापडे. मोठे जनावर तो तोडून जाई. तारेला अशी निवड नसते. डुकरासाठी लावलेल्या तारेत सांबर अडकते, बिबट्या अडकतो, वाघही अडकतो, आणि जो धडपडेल त्याच्या मांसात ती अधिक रुतते. जुन्या पारध्याला ही तार दाखविली तर तो मान फिरवील, असे आम्हांस वाटते. रानात फास कसा शोधावा, पायवाटेवरचा पाला उगाच सारखा का दिसतो, हे कळण्यासाठी मात्र पुन्हा त्याच माणसाचे डोळे लागतात. वनखात्याच्या शिकारप्रतिबंधक तळांवर आसपासच्या गावांतले तरुण रोजंदारीवर पहारा करतात ते म्हणूनच. बापाची विद्या मुलाने उलट्या अंगाने चालवावी, यात काही गैर नाही. ती रोजंदारीवर, वर्षानुवर्षे कायम न होता चालवावी लागते, एवढेच खटकते.

दुसरी अडचण पिकांची. कुणब्यांच्या परसांतील कंदमुळे हे जोयड्याचे वैभव. दर वर्षी तेथे कंदांचा मेळा भरतो आणि तेथला मुडली नावाचा कंद पाहण्यास लांबून माणसे येतात. रानडुकराला तो आपल्याहून अधिक आवडतो. पिकाची नासधूस करणारे जनावर मारण्याची परवानगी अधिकाऱ्याने देण्याची सोय कायद्यात आहे. पण डुक्कर रात्री येते आणि परवानगी कचेरीच्या वेळेत मिळते. पीकसंरक्षणाची परवान्याची बंदूक ज्यांच्याकडे आहे, त्यांना निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागते, आणि निवडणुका आपल्याकडे कमी नसतात. या पेचातून कोणी सरळमार्गी शेतकरी तारेकडे वळला, तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याचे उकरलेले वाफे पाहून यावेत.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला, त्या मुद्द्यावर येतो. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले आहे. मध, कंद, बांबू, चराई, मासे, पाणवठे, या साऱ्यांवरचे परंपरागत हक्क त्याने मानले. एक हक्क मात्र नाव घेऊन वगळला: शिकारीचा आणि फास लावण्याचा. हेही आम्हांस योग्यच वाटते. परंतु या वगळण्याची एक सावली पडते, ती अशी. अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या माणसाला या कायद्याखाली दावा करावयाचा, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपले घराणे त्या रानात राहत होते, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे १९३० सालापर्यंत मागे जावे लागते. गोव्यातील कुणबी, गावडे आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातींत घेतले. उत्तर कन्नडातील सिद्दींनाही त्याच वर्षी घेतले. सीमेच्या अलीकडच्या जोयड्यातील कुणबी, ज्यांची सोयरीक आणि देवदेवस्की गोव्याशी जडलेली आहे, ते मात्र मागणी करकरून अद्याप बाहेरच आहेत. त्यामुळे १९३० चा पुरावा त्यांनाच द्यावा लागतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात पुष्कळ दावे या एका पुराव्याअभावी फेटाळले गेले. व्याघ्र प्रकल्पातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याची योजना आहे. हक्काचा कागद हाती असलेल्या माणसाची खुशी आणि नसलेल्याची खुशी यांत फरक पडतो, हे समजण्यास कायदेपंडित असावयास नको.

१९३० साली कुणब्याजवळ कागद कुठला असणार? कायद्याच्या नियमांनी ही अडचण ओळखून वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली साक्ष पुरावा म्हणून मान्य केली आहे. पण म्हातारा माणूस रानाबद्दल काय सांगेल? कोणत्या ओढ्याच्या वर कोंबडे वस्तीला बसत, कोणत्या खिंडीत आपला बाप वाघूर लावी, कोणत्या वर्षी बांबू फुलून बी पडले आणि रानकोंबड्यांचे थवे जमले. त्या रानातील त्याच्या घराण्याच्या वास्तव्याचा सर्वांत खात्रीचा पुरावा तोच आहे, आणि नेमके तेवढेच बोलण्यास तो भितो. शंभर वर्षांपूर्वीच्या फासासाठी आज कोणी खटला भरणार नाही, हे त्याला शंभरदा सांगितले तरी खाकी कपडा दिसताच तो कंदांविषयी बोलू लागतो.

येथे आमच्या वाचकांना काही करता येण्यासारखे आहे. साक्षीबरोबर दुसराही पुरावा लागतो. एकाहून अधिक पुरावे असावेत असा नियम आहे, आणि जुने सरकारी कागद, गॅझेटियर, सवलतींची पत्रे, नकाशे हे सारे त्यांत धरले जातात. सूपा पेट्यात शिकारीला, नोकरीला किंवा लाकडाच्या ठेक्याला गेलेल्या पूर्वजांचे परवाने, टिपणवह्या, पत्रे आणि छायाचित्रे आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर असतील. छायाचित्र एकटे पुरेसे नाही. पण त्यामागे गावाचे नाव आणि साल लिहिलेले असेल, किंवा टिपणवहीत हाकाऱ्यांना दिलेल्या मजुरीचा हिशेब नावानिशी असेल, तर तो कागद त्या गावच्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीला फार मोलाचा आहे. मूळ प्रत आपल्याकडेच ठेवावी. दोन्ही बाजूंची स्पष्ट प्रत काढून ग्रामपंचायतीमार्फत समितीकडे पाठवावी. जुनी छायाचित्रे काचेला चिकटून बसलेली असतात. ती ओढून काढू नयेत. चौकटीसकट एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराकडे न्यावीत, आणि पाठीमागचा पुठ्ठा फेकून देण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूसही काही लिहिले आहे का ते पाहावे.